आपल्या मुलाने बसमध्ये ‘तो’ शब्द उच्चारला तेव्हा

रानजाई

नमस्कार मंडळी. हा धागा काढू की नको, यात दोन महिने गेले.

मी न्यू इंग्लंडमधल्या एका खासगी शाळेत चौदा वर्षं गणित शिकवते. गेली चार वर्षं गणिताचे तास निम्मे केले आहेत आणि उरलेल्या वेळात शाळेतलं विविधता, समावेशन आणि वर्णद्वेषविरोधाचं काम माझ्याकडे आहे. इकडे अशा शाळांना ‘इंडिपेंडंट स्कूल’ म्हणतात. कारभार विश्वस्तांचा आणि खर्च फी, देणग्या व ठेवींच्या व्याजावर. फी वर्षाला ५० हजार डॉलरच्या वर. काही मुलांना आर्थिक मदत मिळते, बाकीच्यांचे पालक पूर्ण भरतात.

हे पद कसं निर्माण झालं ते सांगते. २५ मे २०२० ला मिनिआपोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड गेला. त्या उन्हाळ्यात देशभरच्या खासगी शाळांच्या माजी विद्यार्थ्यांनी इन्स्टाग्रामवर ‘ब्लॅक अ‍ॅट’ आणि पुढे शाळेचं नाव अशी खाती उघडली. आमच्याही शाळेचं निघालं. मी एका रात्रीत सगळ्या नोंदी वाचून काढल्या. एका मुलीने लिहिलं होतं की चार वर्षं शिक्षक तिला आणि वर्गातल्या दुसऱ्या कृष्णवर्णीय मुलीला एकमेकींच्या नावाने हाक मारत राहिले. त्या शिक्षकांत मीही होते. शाळेने निवेदन काढलं, समिती नेमली, पुढच्या वर्षी पद निर्माण केलं. मी स्वतःहून अर्ज केला.

पहिलं वर्ष कार्यशाळा, पाहुण्यांची भाषणं आणि जगभरच्या पदार्थांचा मेळावा यात गेलं. मेळाव्यात आम्ही देशी पालकांनी समोसे आणि पावभाजी ठेवली, सगळे खूश झाले, आणि त्या मुलीने लिहिलेल्यातली एकही गोष्ट बदलली नाही. दुसऱ्या वर्षी डीनबरोबर बसून शिस्तभंगाच्या जुन्या नोंदी काढल्या. मोबाइल वापरला, उशिरा आला, कॉपी केली असे गुन्हे सगळ्या रंगांच्या मुलांच्या नावावर होते. ‘उद्धटपणा’ हे कारण मात्र कृष्णवर्णीय मुलांच्याच नावापुढे पुन्हा पुन्हा येत होतं. उद्धटपणा म्हणजे नक्की काय, हे एकाही नोंदीत नव्हतं. आता शिक्षकाने मूल काय बोललं ते शब्दशः लिहायचं असा नियम केला आहे. एवढ्या एका नियमासाठी मला पाच महिने शिक्षकांच्या खोलीत वाद घालावे लागले. माझी जवळची मैत्रीण तेव्हा माझ्याशी बोलेनाशी झाली होती.

आणि फी. फी माफ झाली की शाळेला वाटतं झालं. लॅक्रोस खेळाची काठी आणि हेल्मेट कोण घेणार? बर्फातली सहल? पदवीदानाला मुलींनी घालायचा पांढरा पोशाख? नाटकाच्या तालमी साडेसहाला संपतात आणि शाळेची शेवटची बस साडेपाचला सुटायची. म्हणजे ज्याच्या घरी दोन गाड्या आहेत, त्यालाच नाटकात काम करता येणार. त्या एका उशिराच्या बससाठी विश्वस्तांकडून पैसे मिळवले, ते मला कुठल्याही कार्यशाळेपेक्षा मोलाचं वाटतं.

आता ज्या कारणासाठी लिहिते आहे ते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आठवीतली मुलं सामन्याहून बसने परतत होती. फोनवर गाणं चालू होतं, त्यात कृष्णवर्णीयांसाठीचा तो शिवीवजा शब्द होता. एका मुलाने तो मोठ्याने म्हटला. मग पुढच्या बाकावरच्या मुलीकडे वळून, तिला उद्देशून, हसत पुन्हा म्हटला. बसमध्ये ती एकटीच कृष्णवर्णीय होती. ती घरी पोचेपर्यंत काही बोलली नाही, आणि रात्री आईला म्हणाली की उद्यापासून शाळेत जाणार नाही.

मुलगा मराठी घरातला. दुसऱ्या दिवशी आई-वडील आले. माझं आडनाव वाचून वडील मराठीत बोलायला लागले. “ताई, तुम्ही तर आपल्याच आहात. आमचा मुलगा स्वतः सावळा, त्याला स्वतःलाच इथे चिडवतात. तो कसा वर्णद्वेषी असेल?” आई रडत होती. मी विचारलं, घरी या लोकांबद्दल बोलताना तुम्ही कुठला शब्द वापरता? दोघं गप्प. मुलगा म्हणाला, “काळ्या. आजोबा म्हणतात ना, त्या काळ्यांच्या वस्तीतून गाडी नेऊ नका.”

मला पुढे काही बोलवेना, कारण साताऱ्याच्या माझ्या माहेरी, आणि खरं सांगायचं तर परवापरवापर्यंत माझ्याही तोंडी तोच शब्द होता.

शाळेत मी गोऱ्या शिक्षकांशी तासन्‌तास बोलू शकते. आपल्या माणसांशी हे कसं बोलायचं, ते मला येत नाही. तुम्ही घरी काय बोलता? मुलांशी या विषयावर कधी बोललात का? मनापासून विचारते आहे.

---

हडसनकाठ

धागा वाचून अस्वस्थ झालो. मी न्यू जर्सीत राहतो, दोन मुलं, दोघं खासगी शाळेत. मुलीबद्दल वाईट वाटलं, तिची माफी मागायलाच हवी. पण काही प्रश्न आहेत.

एक, तेरा वर्षांच्या मुलाने गाण्यांत रोज ऐकू येणारा शब्द म्हटला. त्याच्या नावापुढे आयुष्यभराचा शिक्का बसणार का? दुसरं, या सगळ्या विविधतेच्या कामात आपली मुलं कुठे बसतात? हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रवेशांच्या खटल्यात, ज्याचा निकाल २९ जून २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने दिला, आशियाई मुलांना व्यक्तिमत्त्वाचे गुण कमी दिले जातात हीच तक्रार होती. आम्ही रात्रपाळ्या करून फी भरतो आणि मुलांना सांगितलं जातं की तुमचं यश म्हणजे तुम्हाला मिळालेली सवलत आहे. माझ्या मुलाला वर्गात एका गोलात उभं करून ‘सवलत असेल तर एक पाऊल पुढे या’ असं करायला लावलं होतं. घरी येऊन विचारत होता, बाबा, आपण काही वाईट केलं आहे का?

---

रानजाई

हडसनकाठ, मोकळेपणाने लिहिलंत याबद्दल आभार. तो पाऊल पुढे टाकण्याचा खेळ मीही पहिल्या वर्षी घेतला होता आणि बंद केला. मागे राहिलेल्या मुलांना सगळ्यांसमोर मागे उभं करून त्यांचं काय भलं होणार? तुमच्या मुलाला ज्याने तसं उभं केलं, त्याने चूक केली.

हार्वर्डचा निकाल प्रवेशात वंश बघण्याबद्दल आहे. माझं काम मूल आत आल्यावर सुरू होतं. आणि आशियाई मुलांवर व्यक्तिमत्त्वाचा शिक्का मारणं मला शाळेतही दिसतं. शिफारसपत्रांत आपल्या मुलांना ‘कष्टाळू, शांत’ लिहितात आणि गोऱ्या मुलांना ‘कल्पक, नेतृत्वगुण असलेला’. मागच्या वर्षी मी अशी साठ पत्रं वाचून विभागप्रमुखांपुढे ठेवली. तेव्हा आपली मुलंही या कामात आहेतच.

शिक्क्याबद्दल सविस्तर लिहीन, आधी बाकीच्यांचं वाचते.

---

दुसरी_पिढी

मी अशाच शाळेत शिकले, आता तीस वर्षांची आहे. मराठी लिहिताना चुका होतील, समजून घ्या.

सहावीत शिक्षिकेने माझं नाव तीनदा चुकवलं आणि मग म्हणाली, तुला छोटं काही नाव आहे का? मी सांगितलं आहे. नव्हतं. मी तिथेच बनवलं आणि बारावीपर्यंत वापरलं. आई-बाबांना पदवीदानाच्या दिवशी कळलं, माईकवरून ते नाव पुकारलं तेव्हा.

शाळेत देशी मुलांचा गट होता, दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत भेटायचो. बाहेरून बघणाऱ्यांना वाटायचं की हे वेगळे बसतात, फूट पाडतात. मला तो आठवड्यातला एकमेव अर्धा तास होता जिथे डब्यातल्या भाजीचा वास काय आहे हे कोणाला सांगावं लागत नव्हतं. पण त्याच गटात आम्ही तो शब्द गाण्यात म्हणायचो. सगळे म्हणायचो. आमच्यात कृष्णवर्णीय कोणी नाही, मग काय बिघडलं, असं वाटायचं. कोणीही मोठ्या माणसाने आम्हाला थांबवलं नाही. रानजाईताई, तुमच्यासारखं कोणी तेव्हा असतं तर बरं झालं असतं.

---

खडूफळा

पुण्यातून लिहिते आहे. तुमचा देश वेगळा, प्रश्न वेगळा, पण उशिराच्या बसचं वाचून राहवलं नाही.

मी विनाअनुदानित इंग्रजी शाळेत प्राथमिकला शिकवते. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) १२(१)(सी) कलमाखाली प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली होती. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. मधले महिने आमच्या वस्तीतल्या आया फाटकाशी येऊन रोज विचारायच्या, बाई, यंदा नंबर लागणार का?

आत आल्यावर काय होतं, ते मी बघते. गॅदरिंगचा ड्रेस बाराशे रुपये. प्रोजेक्टला रंगीत प्रिंट. व्हॉट्सअ‍ॅपवर सूचना, आणि घरात फोन एकच, तो वडिलांबरोबर रिक्षात. वाढदिवसाला वर्गभर चॉकलेट वाटायचं, ज्याने वाटलं नाही त्याचा वाढदिवस कोणाला कळतच नाही. आणि ‘आरटीईवाली मुलं’ हा शब्द. शिपाईमावशींपासून मुख्याध्यापिकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडात. हजेरीपटावर नावापुढे पेन्सिलने लहानसा ‘आर’ लिहायची पद्धत होती. मी माझ्या वर्गाचा पट नवा लिहून काढला आणि तो ‘आर’ लिहिलाच नाही. कार्यालयाने विचारलं तेव्हा सांगितलं, फीचा हिशोब तुमच्याकडे आहे, मला शिकवायला तो लागत नाही.

गॅदरिंगला आता सगळ्या मुलांना घरातलेच कपडे, वर कागदाचं काहीतरी वर्गात बनवायचं. काही पालकांनी तक्रार केली की फोटो चांगले येत नाहीत. मी बधले नाही.

---

नागसेनवन

रानजाई, लिहिलंत ते बरं केलंत. मी सहसा इथे फक्त वाचतो.

माझे वडील औरंगाबादला बाबासाहेबांनी १९५० मध्ये सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयात शिकले. मी टेक्सासमध्ये आहे. मुलगी खासगी शाळेत जाते. शाळेच्या दक्षिण आशियाई पालकांच्या गटात पहिल्याच भेटीत एका मराठी बाईंनी विचारलं, “आडनाव काय म्हणालात? मूळ गाव कुठलं? म्हणजे तुम्ही कोण?” सात माणसं ऐकत होती. मी गावाचं नाव सांगितलं आणि चहा घ्यायला गेलो. परत त्या गटात गेलो नाही. शाळेच्या दप्तरी आम्ही सगळे एकाच रकान्यात आहोत, ‘एशियन’. विविधतेचं काम करणाऱ्या तिथल्या बाई मला म्हणाल्या, तुमच्यासाठी गट आहे ना. त्यांना काय समजावू?

त्या मुलाच्या वडिलांनी विचारलं की सावळा माणूस वर्णद्वेषी कसा असेल. आपल्याकडे याला फार जुनं उत्तर आहे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात नागरिकत्व मागायला गेले, तेव्हा त्यांचा युक्तिवाद होता की मी उच्च जातीचा, आर्य वंशाचा, म्हणून मला गोरा धरा. न्यायालयाने नाही म्हटलं. गोऱ्यांच्या रांगेत जागा मिळावी म्हणून जात पुढे करायची, ही आपली जुनी सवय आहे.

पण दुसरंही तितकंच जुनं आहे आणि ते मराठी आहे. जोतिरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेतल्या निग्रो गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं की तुमच्या लोकांचं जे निवेदन संयुक्त राष्ट्रांकडे जातंय त्याच्या प्रती मला हव्यात, आणि त्यांचं उत्तरही आलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ते नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. महाराष्ट्रातून कृष्णवर्णीयांकडे इतक्या आपुलकीने बघणारी माणसं होऊन गेली, आणि आमच्या कॉलनीतली मराठी पोरं तोच शब्द हसत म्हणतात. मला याचं फार दुःख होतं.

शब्दाचं विचारलंत म्हणून. लिहिताना कृष्णवर्णीय ठीक. बोलताना ते भाषणासारखं वाटतं, घरात कोणी म्हणणार नाही. आम्ही घरी ‘ब्लॅक’ म्हणतो, तेच त्यांनी स्वतःसाठी निवडलेलं आहे.

---

हडसनकाठ

नागसेनवन, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी त्या गटात असतो तर कदाचित मीही तोच प्रश्न विचारला असता, आणि मला वाटलं असतं की मी ओळख वाढवतो आहे.

काल रात्री जेवताना मुलांना विचारलं की तो शब्द शाळेत म्हणतात का. मोठा म्हणाला, “सगळे म्हणतात बाबा, मी पण.” मग बायको म्हणाली, लग्नाच्या वेळी माझी मावशी म्हणाली होती, सावळी आहे पण नाकीडोळी नीटस. ‘पण’ कशाला, असं वीस वर्षांत पहिल्यांदा तिने माझ्यासमोर म्हटलं. बोलणं कुठून कुठे गेलं. पंढरीचा विठोबा काळा म्हणून आपण त्याला डोक्यावर घेतो, आणि घरात सून आणताना गोरी-गोमटी शोधतो.

माझा शिक्क्याबद्दलचा प्रश्न मात्र अजून आहे.

---

गल्लीतलाकंदील

मी पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या शाळेच्या विश्वस्त मंडळावर सहा वर्षं होतो. आमच्याकडे या पदावर तीन माणसं आली आणि तिन्ही दोन वर्षांच्या आत गेली. चूक आमची होती. पद दिलं, पण शिक्षक नेमण्याच्या बैठकीत त्यांना बोलावलं नाही. अंदाजपत्रकात त्यांच्या नावे रक्कम नव्हती. काही घडलं की निवेदन मात्र त्यांनी लिहायचं.

रानजाई, तुम्ही थेट हेड ऑफ स्कूलला उत्तरदायी आहात का? नसाल तर ते पहिल्यांदा मागा.

आणि विश्वस्तांपुढे इतिहास ठेवा, मला त्याचा उपयोग झाला. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने गोऱ्या-काळ्या मुलांना एकत्र बसवायला लागू नये म्हणून १९५९ मध्ये सगळ्या सरकारी शाळा बंद केल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा उघडली. सरकारी शाळा १९६४ पर्यंत, पाच वर्षं, बंद राहिल्या आणि बहुतेक काळी मुलं शाळेविना. खासगी शाळांना वंशावरून प्रवेश नाकारता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये सांगितलं, तेही १८६६ च्या कायद्याचा आधार घेऊन. प्रत्येक खासगी शाळा अशी निघाली नाही, आमचीही नाही. पण दारावर आलेल्या कृष्णवर्णीय आईच्या मनात हा इतिहास असतो, आणि विश्वस्तांना तो माहीत नसतो.

आणखी एक, आपल्यासाठी. आपण या देशात आलो ते १९६५ च्या स्थलांतर कायद्यामुळे. तो कायदा नागरी हक्कांच्या लढ्याच्या लाटेत झाला. ज्या माणसांनी मार खाल्ला त्यांच्यामुळे आपल्याला व्हिसा मिळाला. माझ्या मुलांना हे मी फार उशिरा सांगितलं.

---

रानजाई

सगळ्यांचे आभार. कंदील, नाही, मी डीनना उत्तरदायी आहे. पुढच्या कराराच्या वेळी मागणार आहे. खडूफळा, तुमच्या पटाची गोष्ट मी आमच्या शिक्षकांना सांगितली, चालेल ना? नागसेनवन, तुमचं वाचून मी आमच्या पालकगटाच्या पहिल्या भेटीचा कागद काढून पाहिला. ओळख करून देताना ‘मूळ गाव व कुटुंबाची पार्श्वभूमी’ असा मुद्दा मीच छापला होता. खोडला. शाळेच्या भेदभावविरोधी नियमात जात हा शब्द यावा असा प्रस्ताव लिहायला घेतला आहे. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये तो घातला, सिअ‍ॅटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये. विश्वस्तांपैकी दोघे भारतीय आहेत, विरोध तिथूनच होईल असं वाटतं. लिहिलेला मसुदा तुम्हाला पाठवला तर बघाल का?

आता हडसनकाठ यांच्या प्रश्नाबद्दल, शिक्क्याच्या.

मुलाला काढलं नाही. आम्ही सगळ्यात आधी मुलीला आणि तिच्या आईला विचारलं की तुम्हाला काय हवं आहे. पूर्वी आमच्याकडे दोन्ही मुलांना एका खोलीत बसवून ‘सॉरी म्हण, हात मिळव’ करायचे. दुखावलेल्या मुलाने मग ‘इट्स ओके’ म्हणायचं, सगळ्या मोठ्यांसमोर. ती म्हणाली, मला त्याच्यासमोर बसायचं नाही, आणि बसमध्ये जी मुलं हसली त्यांच्याशीही कोणीतरी बोला. ती दुसरी गोष्ट आमच्या कोणाच्याच डोक्यात आली नव्हती. अकरा मुलं हसली होती. अकरा घरी फोन केले. त्यात चार फोन मराठी, तेलुगू, गुजराती घरांत होते.

मुलगा दोन सामने खेळला नाही. सहा आठवडे दर गुरुवारी इतिहासाच्या शिक्षकांबरोबर बसला. शेवटी त्याने एक पत्र लिहिलं. ते समुपदेशकांकडे ठेवलं आहे. तिला वाचायचं असेल तेव्हा ती मागेल. अजून मागितलेलं नाही आणि तिने ते मागावं अशी कोणाचीही अपेक्षा नाही. कागदपत्रांत घटनेची नोंद आहे. ती कॉलेजांना जात नाही. तिचं नाव मी दर सोमवारी हजेरीत बघते, ती येते आहे.

वडिलांचा गेल्या आठवड्यात फोन आला. मुलाने आजोबांना बसमधलं सगळं स्वतः सांगितलं. आजोबा भडकले, दोन दिवस व्हिडिओ कॉल घेतला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच फोन केला आणि विचारलं, मग काय म्हणायचं रे? मुलगा म्हणाला, ब्लॅक म्हणा, आणि आजोबा, आधी सांगा तुम्हाला एक तरी माणूस ओळखीचा आहे का? आजोबा इकडे आले की ज्या वाचनालयात बसायला जातात तिथला दारावरचा माणूस निघाला. चार उन्हाळे रोज भेटून त्याचं नाव त्यांना माहीत नव्हतं. यंदा विचारणार आहेत म्हणे.

वडिलांनी आणखी एक विचारलं. मराठी शाळेत रविवारी मुलं आत असतात तेव्हा आम्ही पालक बाहेर दोन तास नुसते बसून असतो, तिथे येऊन बोलाल का? मी हो म्हटलंय. पहिल्या रविवारी फक्त शब्दांबद्दल बोलायचं ठरवलं आहे: काळ्या, गोरी-गोमटी, ‘आपल्यातले’. दुसरी_पिढी, तुम्ही जवळपास असाल तर याल का? तुमच्या नावाची गोष्ट त्या पालकांनी तुमच्याकडून ऐकावी असं फार वाटतं.

---

दुसरी_पिढी

येईन. कुठलं गाव ते खासगी निरोपात कळवा. आईलाही घेऊन येते, तिला माझं नाव माईकवर ऐकलं त्याबद्दल अजून बोलायचं आहे.